उपासाचे बटाटे आणि खणातली चिठ्ठी

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, चँडलरला राहायला आलो. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होतो. बायकोला काही वर्षांपासून ब्लडप्रेशर होतं. एकदा तपासणीत तिच्या लघवीतून प्रथिनं जात असल्याचं आढळलं. ती आत रक्त देत असताना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "किडन्या हळूहळू कमजोर होतायत. आताच स्पेशालिस्टला दाखवा." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. ती बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मीठ जरा कमी कर म्हणालेत."

चिठ्ठी मी ऑफिसच्या टेबलाच्या खणात ठेवली.

कारण सांगायला आजही लाज वाटते. माझ्या मामांना किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं आणि महिन्याभरात ते गेले. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं होतं की तिथे गेलं म्हणजे संपलंच. मामा तिथे फार उशिरा पोचले होते, हे मला कधी सुचलं नाही.

त्याच आठवड्यात गणपतीच्या जेवणात, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, मी एका डॉक्टर मित्राला गाठलं. तो लहान मुलांचा डॉक्टर.

"अरे यार, मी पोरांचे घसे बघतो," तो म्हणाला. "स्पेशालिस्टकडे ने तिला."

"नेणारच आहे. पण तोवर?"

"तोवर मीठ कमी कर. पण ने."

मी मधलं वाक्य तेवढं घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी सुपरमार्केटमधून मिठाऐवजी वापरायचं मीठ घेतलं. डबीवर लिहिलं होतं, पोटॅशियम क्लोराइड. कारखान्यात बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय मी झाकण उघडत नसे. इथे मात्र सोडियम नाही एवढं पाहून खूश झालो.

असे आठ महिने गेले. एका मंगळवारी सकाळी ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली. "अहो, पायच उचलत नाहीयेत." हॉस्पिटलात कळलं की रक्तात पोटॅशियम इतकं वाढलंय की हृदयाला धोका आहे. कमजोर किडन्यांना ते बाहेर टाकता येत नव्हतं.

दोन दिवसांत ती सावरली. मग किडनीचे स्पेशालिस्ट आणि त्यांच्याबरोबरच्या आहारतज्ज्ञ बाई तिच्या खाटेशी आल्या. बाईंनी विचारलं, "सोमवारी काय खाल्लं होतंत?"

"काही नाही. माझा उपास होता."

"दिवसभर काहीच नाही?"

"नाही ना, उपास होता. बटाट्याची भाजी फक्त. दाण्याचा लाडू. दुपारी केळं. रात्री रताळ्याचा कीस."

बाईंचं पेन थांबलं. "आणि त्यात मीठ?"

बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांनी आणलेलं."

सोमवारचं सगळं ताटच पोटॅशियमचं होतं, आणि वरून मी आणलेली डबी. डॉक्टर रागावले नाहीत. किडन्यांची गेलेली ताकद परत येणार नाही, म्हणाले, पण उरलंय ते नीट सांभाळलं तर पुष्कळ वर्षं पुरेल. मग त्यांनी तिलाच विचारलं, "तुमच्या डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वी माझ्याकडे पाठवलं होतं. आला का नाहीत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "चिठ्ठी माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "मी तिला सांगितलं नाही."

घरी परतताना गाडीत मी मामांपासून सगळं सांगितलं.

"म्हणजे आठ महिने मी ते कडू आळणी खाल्लं, ते फुकटच?"

"फुकट नाही. उलट..."

"पुरे. आणि आता उपास करायचा, पण उपासाचं खायचं नाही. छान." थोडी हसली, मग गंभीर झाली. "किडनी माझी होती हो. भीती वाटली तर मला सांगायचं होतंत. दोघं घाबरलो असतो."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या खणातली चिठ्ठी आणून तिच्या हातात दिली.

त्यानंतर आम्ही दर तीन महिन्यांनी तिथे जाऊ लागलो. गोळ्या बदलल्या, प्रेशर आवाक्यात आलं. बाईंनी तिच्याकडून आमटी, कूट, भाकरी असं सगळं लिहून घेतलं आणि किती, कसं खायचं ते ठरवून दिलं. बटाटे माझ्याकडे आले. पातळ चकत्या करायच्या, भरपूर पाण्यात उकळायच्या, पाणी फेकायचं, आणि त्याही मोजक्याच. साबुदाणा चालतो म्हटल्यावर तिचा सोमवार वाचला. दाण्याशिवायची खिचडी मला आवडायला लागली, यावर ती अजून विश्वास ठेवत नाही.

डायलिसिसचं मशीन अजून लागलेलं नाही. गेल्या खेपेला डॉक्टर रिपोर्ट पाहून म्हणाले, "किडनीचा आकडा आहे तिथेच आहे." परतताना वाटेत आम्ही आइस्क्रीम घेतलं. तिच्या वाट्याला दोन चमचे आले, ते तिने पुरवून पुरवून खाल्ले.

पुढच्या भेटीचं कार्ड दवाखान्याच्या खिडकीतली मुलगी सवयीने माझ्यापुढे धरते, कारण गाडी मी चालवतो. बायको मधूनच हात घालून ते घेते आणि घरी आल्यावर फ्रिजच्या दारावर स्वतः लावते. सकाळी दूध काढताना ते दिसतं, आणि मला बरं वाटतं.