टिटवीच्या अलीकडचा थांबा

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की काठावरच्या जुन्या जिनिंगची चिमणी आणखी उंच वाटते. वच्छलाबाईंचं तारुण्य त्या चिमणीखाली कापूस निवडण्यात गेलं. कापसाच्या गाठी रुळांवरच्या ढकलगाडीत बसून धुळ्याच्या रेल्वेकडे निघत. बायका त्याच रुळांच्या कडेनं चालत घरी. "गाठींना गाडी, आम्हांला धूळ," असं त्या हसत सांगतात. एकदा तरी त्या गाडीत बसायचं राहून गेलं, हे सांगताना मात्र हसत नाहीत.

जिनिंग बंद पडली, रूळ बाभळींनी गिळले. यंदा गावानं ते मोकळे केले. रविवारी धुळ्याहून पक्षी पाहायला, पाण्याकाठी डबा खायला लोक येतात. त्यांना ढकलगाडीतून जिनिंगपर्यंत न्यायचं. रुळांतलं गवत काढायचं काम वच्छलाबाईंकडे आलं. पहिल्या फेरीतली पहिली जागाही त्यांचीच ठरली.

आदल्या दिवशी खुरपं चालवताना एक टिटवी किंचाळत अंगावर आली. दोन रुळांच्या मधोमध, खडीत, खडीच्याच रंगाची अंडी. चाकं अंड्यांना लागली नसती. गाडी ढकलणाऱ्यांचे पाय लागले असते. सांगितलं तर फेरीच रद्द व्हायची.

वच्छलाबाई बाजूला होऊन खुरपं धरून नुसत्या बसून राहिल्या. टिटवी पाण्यावर गेली, पोट भिजवून आली आणि तापलेली अंडी ओल्या पिसांखाली घेऊन बसली. मग वच्छलाबाईंनी डोक्याचं लाल फडकं सोडलं आणि बऱ्याच अलीकडे, रुळाजवळच्या बाभळीला बांधलं.

गाडी फडक्याशीच थांबवायची, पुढं अंडी आहेत, हे संध्याकाळी त्यांनी सांगताच गाडी ढकलणारा समाधान वैतागला. "अक्का, टिटवीनं तिकीट काढं का?"

"तू पोटमा व्हता तवय तुनी मायनी काढं व्हतं का?"

बाकीचे खो-खो हसले, शेवटी समाधानही. फेरी रद्द झाली नाही, अर्धी झाली.

रविवारी गाडी फडक्याशी थांबली. लोक उतरले आणि लांबून वळसा घालत जिनिंगकडे चालू लागले. वच्छलाबाई हलल्या नाहीत.

"चाला ना अक्का, जिनिंग दखाले," समाधान म्हणाला.

"तुम्ही जा. जिनिंग मी समदी दखेल शे. गाडीमा बसानंच ऱ्हाई जायेल व्हतं."

त्यांनी पाय वर घेतले, ऐसपैस मांडी घातली. पुढं रुळांत टिटवीही बसलेली होती. पाण्यावरून वारा येत होता.