परातीतली लंब रेषा

आमच्या घरी भूमिती स्वयंपाकघरात चालायची. भाकरी थापण्याआधी बायको परातीत पीठ पसरून बोटाने रेषा काढायची आणि लेक समोर बसून समीकरण सांगायची. बायको गेली, तेव्हापासून अकरावीतल्या लेकीने गणिताला हात लावला नव्हता. परीक्षा तोंडावर आली, तेव्हा भिंगारच्या आमच्या क्वार्टरमध्ये उरलेला एकमेव गणितज्ञ म्हणून मीच परात पुढे ओढली.

"वाय बरोबर दोन एक्स. या रेषेला लंब काढायचा, दोन-चार या बिंदूतून," मी जाहीर केलं. "स्लोप उलटा करायचा, म्हणजे एक छेद दोन. झालं!" आणि ऐटीत रेषा ओढली.

लेक परातीतल्या दोन्ही रेषांवर वाकली. "पप्पा, या दोन्ही वरच चढतायत. काटकोन कुठंय?"

"परात वाकडी असेल."

कितीतरी दिवसांनी ती हसली. माझी रेषा पुसून तिने त्याच बिंदूतून उतरती रेषा काढली. "चिन्हपण बदलायचं असतं. उणे एक छेद दोन. म्हणजे एक्स अधिक दोन वाय बरोबर दहा. आई म्हणायची, एक चढत असेल तर दुसरीला..."

मी भाकरीसाठी पीठ गोळा करायला हात घातला. तिने माझं मनगट धरलं.

"राहू द्या ना पप्पा, आजच्या दिवस."

घरात पीठ तेवढंच होतं. वडापाव आणतो म्हणून मी बाहेर पडलो आणि जिन्यातच बसून राहिलो.