सुरेखाताईंनी पाना खाली ठेवला

मी टोकावड्याला पोचले तेव्हा व्हॅन जॅकवर होती आणि काढलेलं चाक तिच्या पोटाखाली सरकवलेलं होतं. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसावी म्हणून. घरी दुरुस्ती करणारे सहसा एवढा विचार करत नाहीत.

मी शहापूरच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इंजिनिअर आहे. सुरेखाताई भेंडी पिकवतात, स्वतःच व्हॅन चालवून कल्याणच्या मार्केटला नेतात आणि सर्व्हिसिंगही अंगणातच करतात. त्या दिवशी ब्रेक पॅड बदलत होत्या. पॅड म्हणजे चाकामागच्या तबकडीला दाबून गाडी थांबवणारी पट्टी. डावीकडचे बदलून झाले होते. उजवीकडे पाना घसरला आणि पॅड धरून ठेवणाऱ्या बोल्टचं डोकं गोल झालं. जुना पॅड पार लोखंडापर्यंत झिजलेला. ओट्यावर भेंडीचे क्रेट भरून तयार, संध्याकाळीच निघायचं होतं.

"हलू हलू नेली तर नाय चालणार?" त्यांच्या मिस्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. आवाज फारच बारीक निघाला.

"आयकलंत? मगाशी पान्याला पाइप लावून जोर करायला निघालेले!" सुरेखाताई त्यांना म्हणाल्या.

पाना एकदाच घसरला होता. त्यांनी तो तिथेच खाली ठेवला, बोल्ट फडक्याने पुसला आणि आम्हाला फोटो पाठवला. म्हणून नवा बोल्ट माझ्या बॅगेत होता.

वर्कशॉपमधून सरांचा फोन आला. "टो करून आण. तिथे बोल्ट तुटला तर?"

"सर, डोक्याचे कोपरे थोडे शिल्लक आहेत. बघते."

"एकदाच. नाहीतर टो."

गंज सोडवणारा स्प्रे मारला. तो मुरेपर्यंत चहा झाला. बोल्ट चौदाचा होता. त्याच्यावर एक नंबर लहान, तेराची गोटी, म्हणजे टोपीसारखा बसणारा पाना, हातोडीने ठोकून घट्ट बसवली. मग आधी किंचित आवळलं.

"मॅडम, उलटं फिरवताय!" मिस्टर म्हणाले.

"गंज आधी तुटू दे," मी म्हटलं.

"अवो, तिला करू द्या," सुरेखाताई म्हणाल्या.

मग सोडवायच्या दिशेने जोर लावला. टक् आवाज झाला आणि बोल्ट फिरला.

नवा बोल्ट, नवे पॅड बसले. सुरेखाताईंनी रस्त्यावर एक चक्कर मारून ब्रेक तपासले आणि क्रेट चढवायला घेतले.

"हात चांगला बसलाय गो तुजा," त्या म्हणाल्या.

"तुम्ही वेळेवर थांबलात," मी म्हटलं. यापेक्षा जास्त मला बोलता येत नाही, पण मनापासून म्हटलं.

हल्ली बोल्ट गोल झाल्याचा फोन आला की मी पहिल्यांदा एकच विचारते, "त्यानंतर अजून किती जोर लावलात?" बहुतेक जण पाइप लावून बघितल्याचं सांगतात. मग मी टो व्हॅन पाठवते.