लॅपटॉपचा कान

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे भिंगरी म्हणत, कारण तो एका जागी कधी टिकलाच नाही. दुसऱ्याचं यंत्र खोलून बसला तरी खाली पाय ठेका धरायचा. आज तर त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. उद्या त्याच्या डाव्या हाताच्या, करंगळीशेजारच्या बोटाचं ऑपरेशन होतं. बोट आखडलं होतं, आणि ते पुन्हा तारेवर नीट पडेल अशी हमी द्यायला डॉक्टर तयार नव्हते.

तरुणपणी त्याने इलेक्ट्रिक गिटारवर एक धून बांधली होती. एकच. ती कुणाला शिकवलेली नव्हती. बोट गेलं की धूनही गेली, म्हणून ती आजच्या आज लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवायची होती.

आधी त्याने गिटारची वायर थेट लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात खुपसून पाहिली. वायर जाड, भोक बारीक. मग गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये उतरवायला मुलीने पाठवलेला छोटा डबा आठवला. एकीकडून गिटार डब्यात, दुसरीकडून डबा लॅपटॉपला, आणि हेडफोनही डब्यालाच. तार छेडताच कान भरून आवाज आला, तशी स्वारी खूश झाली.

"बाबा, रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये इनपुट बदललंत ना?" मुलीने फोनवर विचारलं. "तिथे डब्याचं नाव निवडायचं."

"अगं, आवाजाची हिरवी पट्टी नाचतेय की! ठेव तू आता."

तो वाजवायला लागला. मधल्या अवघड वळणावर बोट हटून बसलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा तिथेच माती खाल्ली. खुर्ची बदलली, खिडकी लावली, उघडली, स्वतःवरच डाफरला. शेवटी बोट वाकेचना. त्याला रडू आलं. हेडफोन भिरकावून, निदान काय जमलंय ते ऐकावं म्हणून त्याने शेवटचं रेकॉर्डिंग लावलं.

भरदार आवाज आलाच नाही. नुसती तारांची किरकिर आणि खुर्चीची करकर. डबा राहिला बाजूला, प्रोग्रॅम सगळा वेळ लॅपटॉपच्याच माइकने ऐकत बसला होता. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात त्याच रेकॉर्डिंगमध्ये तारांमागून गुणगुणणं ऐकू आलं. पलीकडे स्वयंपाकघरात भांडी घासणारी त्याची बायको. वळणावर गिटार अडखळली, ती नाही अडखळली. सहज वळून शेवटच्या सुरापर्यंत गेली.

हीच बाई वर्षानुवर्षं म्हणायची, "तेच ते काय वाजवता, कान किटले!"

तो धडपडत दारात गेला. "माझी धून पूर्ण येते तुला?"

"इतकी वर्षं डोक्याशी वाजवल्यावर न येऊन सांगते कुणाला?"

"म्हण ना परत. इथे येऊन."

ती हात पुसेपर्यंत त्याने मागे फिरून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं होतं. तिने लॅपटॉपकडे संशयाने पाहिलं.

"ते चालू आहे का? तसं असेल तर मी तोंड उघडणार नाही हं."

"छे, बंद आहे," तो म्हणाला, आणि पडद्यावरच्या लाल ठिपक्यावर हात धरून, तिचं गुणगुणणं संपेपर्यंत जागचा हलला नाही.