कोमट ऐरण

थंडीत नातू फटफटी चालू करून तशीच उभी ठेवतो. "गरम होऊ दे, आजी," म्हणतो, आणि त्या धुरासरशी मी वाटूरला, सासऱ्यांच्या लोहारसाळेत जाऊन पोचते.

निजामाचं राज्य होतं. लग्नानंतरची पहिलीच थंडी. आमच्यात घण बायकांनीच मारायचा, आणि त्या सकाळी माझी पाळी पहिल्यांदाच आल्ती. नवरा भाता ओढत होता, कुऱ्हाडीचं पातं लाल झालं होतं. मी घण उचलला तसे सासरे ओरडले, "थांब! घण-ऐरण गारठलेत. थंडं लोखंड फुटतं. तुकडा उडून डोळा जाईल."

मंग घणाचं तोंड भट्टीजवळ ठेवलं, ऐरणीवर तापलेली पट्टी टाकली. मला कुठला धीर! सारखी ऐरणीला हात लावून बघायची. तेव्हा नकोसं झालेलं ते थांबणंच आता सगळ्यात गोड वाटतं. शेवटी ऐरण दुधाच्या भांड्यागत कोमट लागली.

"झाली, मामा!"

"मंग हान जल्दी!"

पहिलाच घाव बराबर बसला. ठिणग्या उडाल्या आणि मी खदाखदा हसले. नव्या सुनेनं, सासऱ्यासमोर! भाता थांबला. माझा घण वरच राहिला.

सासऱ्यांनी पातं उलटलं. "हास खुशाल, पण हात नको थांबवू. लोखंड थंडं व्हायलंय!"