पेन्सिलीच्या रेघेपर्यंत पाणी

मिस्त्री,

तुम्ही बसवलेल्या शॉवरला नऊ वर्षं झाली. खाली थेंब नाही, सांध्यांत बुरशी नाही, एक टाइल हललेली नाही. हे कळवायला हवं होतं. दुसरं म्हणजे,

एवढं लिहून बाईंनी पेन ठेवलं. चौतीस वर्षं गणित शिकवलं, हेडमास्तरांना तोंडावर चुका दाखवल्या, जावयालाही सोडलं नाही. आणि या 'दुसरं म्हणजे'पाशी येऊन दर वेळी हात आखडायचा.

मिस्त्री बुटके, कमी बोलणारे. कानामागे पेन्सिल, खिशात काचेची गोटी. जमिनीला ढाळ दिला की चारही कोपऱ्यांतून गोटी सोडायचे. ती आपणहून पाणी जायच्या जाळीपाशी गेली तर ठीक, वाटेत रेंगाळली तर तेवढा भाग उकरायचे. टाइल बसली की बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचे. "पोकळ बोलते ही," म्हणून धडधाकट दिसणारी टाइल उपटायचे.

"अहो, कोण बघणार आहे तिच्या पाठीमागे?" बाई वैतागायच्या.

"पाणी बघतं, बाई. त्याला दुसरा उद्योग काय?"

घरात बाथरूम एकच. दहा दिवस बाई टॉवेल खांद्यावर टाकून खालच्या वहिनींकडे अंघोळीला जात होत्या, आणि वहिनी रोज विचारत होत्या, "अजून नाही झालं?" त्यातून रविवारी मुलगी यायची होती.

गुरुवारी टाइल्स लावण्याआधी मिस्त्रींनी जाळीत बोळा कोंबला, चार बोटं पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली. "शनिवारी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. पाणी उतरलं तर खालचा पाणी अडवणारा थर पुन्हा करायचा."

"म्हणजे अजून किती दिवस?"

"चार."

शनिवारी बाईंनी सकाळीच दार उघडून पाहिलं. पाणी रेघेखाली दोन बोटं उतरलं होतं. दोन बोटं म्हणजे काय, हे गणिताच्या बाईंना कोणी समजावायला नको. त्यांनी बादली आणली आणि वाकून, सावकाश, रेघेपर्यंत पाणी भरलं. एक थेंब वर नाही, एक थेंब खाली नाही.

मिस्त्री आले, उकिडवे बसले आणि बराच वेळ रेघेकडे पाहत राहिले. मग बाईंकडे पाहिलं.

"हललंच नाही."

"नाही ना. मग लागा कामाला."

चार महिन्यांनी वहिनींच्या छताला ओल आली. वहिनी वर आल्या, मिस्त्रींना बोलावणं गेलं, जिन्यात माणसं जमली. "पाणी भरून बघायचं असतं एवढंही कळत नाही, आणि म्हणे मिस्त्री," वहिनी म्हणाल्या. मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. आपण बसवलेल्या टाइल्स आपल्याच हाताने फोडल्या, कोपऱ्यातली चीर शोधली, थर नव्याने दिला. पुन्हा बोळा, पुन्हा पाणी, पुन्हा रेघ. या खेपेला सकाळ-संध्याकाळ स्वतः येऊन बघत होते. दोन दिवसांनी त्यांनी बाईंना हाक मारली.

"हे बघा. थर पक्का आहे, तरी पाणी केसभर खाली गेलंय. थोडं हवेत जातंच. रेघेवर तंतोतंत कधीच राहत नाही."

बाईंची कानशिलं तापली. मिस्त्री मात्र बोळा काढत होते, मान खाली घालून.

"माझं एक काम कराल? खालच्या वहिनींना एवढंच सांगा, की मिस्त्रीनं पहिल्या वेळीही पाणी भरून पाहिलं होतं. बाकी काही नको."

"सांगते की. आजच सांगते."

बाई संध्याकाळी उतरल्याही. वहिनींनी दार उघडलं. "काय हो, बाई?"

"शिडी हवी होती जरा."

शिडी घेऊन बाई वर आल्या. घरात बदलायचा दिवाही नव्हता. चार दिवस शिडी भिंतीला टेकून उभी होती.

पुढच्याच महिन्यात वहिनींनी आपलं बाथरूम दुसऱ्याकडून करून घेतलं, आणि मग इमारतीतल्या एकानेही मिस्त्रींना बोलावलं नाही. ते सायकलवर गावाच्या दुसऱ्या टोकाला कामाला जाऊ लागले. बाईंना रस्त्यात दिसले की सायकलवरून उतरायचे, "शॉवर ठीक ना?" एवढंच विचारायचे. वहिनींना सांगितलंत का, असं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटायचं. अशा भेटीनंतर त्या कधीकधी वहिनींकडे उतरायच्या आणि शिडी घेऊन वर यायच्या. आता गुडघे गेले म्हणून ते लेकीकडे राहतात. पत्ता टाइल्सच्या दुकानदाराकडून मिळाला.

बाईंनी पत्राकडे पाहिलं. आधी निरोप, मग पत्र, असं स्वतःलाच दटावून त्या उठल्या आणि कठड्याला धरून जिना उतरल्या.

वहिनींनी दार उघडलं, बाईंचा चेहरा पाहिला आणि हसून आत वळल्या.

"शिडी ना? थांबा, देते."

बाईंनी मान डोलावली.