वर्षावासातला खोकला

रोज सकाळी चहाच्या आधी आमच्या ओट्यावर एक ग्लास फसफसायचा आणि त्याच्याबरोबर माझं डोकंही. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यात एक मोठी पांढरी गोळी सोडायचे आणि ती विरघळेपर्यंत शेजारी उभे राहायचे. आधी संत्र्याचा वास यायचा आणि त्याच्यामागून कुजक्या अंड्याचा. कालव्याच्या रस्त्यावर त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या कुणा निवृत्त साहेबांनी ती सुचवली होती. कफ पातळ होतो म्हणे. दुकानात चिठ्ठी मागत नाहीत, एवढ्यावरून ती निरुपद्रवी आहे असं अण्णांनी ठरवून टाकलं. "डॉक्टरांना विचारलंत का?" असं मी म्हटलं की ते म्हणायचे, "लिंबू सरबत प्यायलासुद्धा परवानगी काढू का?" सरकारी नोकरीत हयात काढलेल्या माणसाशी परवानगीवरून वाद घालण्यात अर्थ नसतो.

अण्णांना तरुणपणी क्षय झाला होता. तो केव्हाच बरा झाला, पण जाताना फुफ्फुसांतल्या नळ्या सैल करून गेला. त्या नळ्यांत कफ साचतो आणि तो रोज बाहेर काढावा लागतो. कुशीवर कसं झोपायचं, श्वास कसा सोडायचा, खोकून कफ कसा काढायचा, हे छातीच्या डॉक्टरांनी त्यांना नीट शिकवलं होतं. हा खोकला कुणाला लागत नाही, हेही सांगितलं होतं. आम्हाला ते पाठ होतं, पण बाकीच्यांना कोण सांगणार? कोरोनानंतर तर अण्णा बँकेच्या रांगेत खोकले की मागेपुढे ऐसपैस जागा व्हायची.

पावसाळ्यात वारज्याच्या आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन असतं. दर रविवारी सकाळी वंदना, थोडा वेळ ध्यान आणि मग वाचन. कित्येक वर्षं वाचक अण्णाच. आम्ही कर्वेनगरला राहायला आलो तरी त्यांनी ते सोडलं नाही. गेल्या वर्षी पहिल्याच रविवारी ध्यान चालू असताना त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेचना. जवळ बसलेली माणसं हळूहळू लांब सरकली. नंतर समितीतल्या एका गृहस्थांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "अण्णा, यंदा जरा विश्रांती घेता का? दुसऱ्या कुणाला तरी वाचू दे." अण्णा नुसतं "बघू" म्हणाले.

त्याच आठवड्यात ती गोळी सुरू झाली आणि पुढच्या रविवारी ते एकदाही खोकले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. लोक गोळीचं नाव विचारायला लागले आणि अण्णा ते असं सांगायचे, जणू ती त्यांनीच शोधून काढलीय. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घरी ते भर दुपारी पेंगायला लागले. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायचे आणि खिडकीतून बाहेर काहीतरी बघितल्यासारखं करायचे. तिथून फक्त पार्किंग दिसतं. सकाळी पडणारा कफही बंद झाला. "संपला," ते म्हणाले. "गोळीनं धुऊन काढला." इतक्या वर्षांचा कफ असा संपेल यावर माझा विश्वास बसेना. मी त्यांच्या छातीकडे बघत राहायचे आणि ते माझ्यावर चिडायचे.

मग तो रविवार आला. वंदना झाली, ध्यान सुरू झालं. मी मागे दाराजवळ बसले होते. त्या शांततेत एक आवाज ऐकू यायला लागला. नळाला पाणी येण्याआधी पाइपात होते तशी बारीक गुडगुड. ती अण्णांच्या छातीतून येत होती आणि समोरच्या माइकमधून सगळ्या हॉलभर पसरत होती. त्यांचे ओठ जांभळट दिसत होते. त्यांनी शबनममधून एक छोटी बाटली काढली आणि टोपणभर काहीतरी पिऊन टाकलं.

मी उठले आणि बसलेल्या माणसांतून वाट काढत पुढे जाऊन ती बाटली उचलली. खोकला दाबायचं सिरप होतं ते. बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. मी गोळीचं सांगितलं, सिरपचं सांगितलं.

"म्हणजे नळ सोडून ठेवलाय आणि मोरीत बोळा कोंबलाय," ते म्हणाले. "गोळी मला विचारली असतीत तर कदाचित मीच दिली असती. पण पातळ झालेला कफ बाहेर यायला नको का? ते सिरप आत्ताच्या आत्ता बंद. त्यांना पुढे वाकवून बसवा, खोकायला लावा आणि लगेच निघा. मी हॉस्पिटलमध्ये येतो."

आत आले तोवर अण्णांनी ग्रंथ उघडला होता. त्यांना पहिलंच वाक्य पुरं करता येईना. एखाददुसरा शब्द, मग श्वास, मग पुन्हा शब्द. "अण्णा, उठा," मी वाकून म्हणाले. त्यांनी मान न वळवता हातानं मला बसायची खूण केली. मी माइक बंद केला. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. बघू देत. हे इथेच माझ्यासमोर गुदमरतील, याशिवाय दुसरं काही मला सुचत नव्हतं.

मागच्या नळाशी नेऊन मी त्यांना वाकवलं आणि पाठीवर थापटत राहिले. "खोका, अण्णा. खोका." खोकला येईना. औषधानं तो झोपवून ठेवला होता. अण्णा कठडा धरून वाकले होते आणि मी स्वतःच खोकून दाखवत होते, लहान मुलाला दाखवावं तसं. शेवटी एकदाची उबळ आली आणि हिरवा, घट्ट कफ पडला. थोडासाच, पण त्यानंतरचा श्वास आत गेल्याचं माझ्या हाताला कळलं.

"कशाला प्यायलात ते?" मी ओरडलेच त्यांच्यावर.

ते भिंतीला टेकले. "अगं, लोक लांब सरकतात," थांबत थांबत ते म्हणाले. "गावात लहानपणी सरकायचे. शाळेत, पाणवठ्यावर. त्याची सवय होती. पण इथे आपलीच माणसं सरकली. ते नाही सोसलं."

रिक्षात मी त्यांचा हात धरून ठेवला आणि हॉस्पिटल येईपर्यंत सोडला नाही.

ते वाचले. बरेच दिवस ऑक्सिजन आणि सुया झाल्या. गोळी डॉक्टरांनी चालू ठेवली, कफ काढायच्या व्यायामासकट. वर्षावास संपायच्या आत अण्णा पुन्हा विहारात जायला निघाले. मी भांडून पाहिलं, उपयोग झाला नाही. समितीनं काही म्हणायच्या आत ते आपल्या जागी जाऊन बसले, समोर झाकणाची स्टीलची डबी ठेवली आणि माइक ओढून घेतला.

"मी खोकणार आहे," ते म्हणाले. "हा खोकला लागत नाही. तरीही ज्यांना भीती वाटते, त्यांनी आत्ताच मागे बसून घ्यावं. वाचन चालू असताना हलू नये."

कुणी हललं नाही. ध्यान झालं, वाचन सुरू झालं, आणि एका लांब वाक्याच्या मध्यावर उबळ आली. चांगली लांबली. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आपलं बसकर हळूच थोडं मागे ओढलं. अण्णांनी ते पाहिलं. तोंड पुसून होईपर्यंत ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग डबीचं झाकण लावलं आणि तेच वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचलं.